बाकीचे आवाज

विपुलनं बोट डावीकडे सरकवलं आणि धामणकर नाका गप्प झाला. नाका म्हणजे खरा नाका नव्हे. तो दुकानाच्या काचेबाहेर नेहमीसारखा बोंबलत होताच. गप्प झाला तो फोनमधला. पाचच मिनिटांपूर्वी विपुलनं दुकानाच्या पायरीवर उभं राहून स्वतःचा व्हिडिओ काढला होता, ‘नमस्कार, मी विपुल, आज आपण बघणार आहोत’ वगैरे, आणि त्यात टेम्पो, रिक्षा, एसटीचा भोंगा, केळीवाल्याचं ओरडणं सगळं यथासांग आलं होतं. आता पडद्यावर दोन पट्ट्या होत्या. एकीवर लिहिलं होतं ‘माणसाचा आवाज’, दुसरीवर ‘बाकीचे आवाज’. विपुलनं दुसरी पट्टी शून्यावर नेली. टेम्पो दिसत राहिले, केळीवाल्याचं तोंड उघडत-मिटत राहिलं, पण ऐकू येत राहिला तो एकटा विपुल. काउंटरसमोर स्टुलावर बसलेल्या धनेशला पायरी चुकल्यासारखं झालं. त्यानं काउंटरची कड धरली.

“काय धनेशभाऊ, आहे ना दम?” विपुल म्हणाला. “चिपच तसली टाकली आहे. कितीपण गर्दी असू दे, आपल्याला पाहिजे तो माणूस बाजूला काढून देतो.”

“लूमचा आवाज जाईल?”

“भिवंडीत दुकान आहे आपलं. लूमचाच नाय गेला तर विकणार कोणाला?”

धनेश हसला, पण जरा उशिरा.

या दुकानात यायची त्याची ही चौथी खेप. आधीच्या तीन खेपांत त्याचं विपुलला बॅटरीपासून काचेपर्यंत सगळं विचारून झालं होतं, आणि विपुलनं दर वेळी नव्यानं सांगितलं होतं, कारण गिऱ्हाइकाचा अंत बघायचा नसतो हे त्याला बापानं शिकवलं होतं. माणकोलीच्या गोदामात धनेश सुपरवायझर. रोज शेकडो फोन खोक्यांतून त्याच्या नजरेखालून जायचे, स्कॅनरचा टुंई आवाज व्हायचा आणि खोकं पुण्याला नाहीतर नाशिकला निघून जायचं. त्याच्या खिशातला फोन मात्र सहा वर्षांचा, कोपऱ्यात तडा गेलेला. घ्यायची ऐपत नव्हती असं नाही. पण धनेशचा स्वभावच असा, की हा घ्यावा तर पुढच्या दिवाळीला याच्यापेक्षा चांगला येतो, आणि तो आला की त्याच्या पुढचा कसा असेल याचे व्हिडिओ बघण्यात आणखी सहा महिने जातात. त्याची बायको रीमा म्हणायची, “तुमचं म्हणजे त्या उपवर पोरासारखं झालंय. स्थळं बघण्यातच डोक्यावरचे केस गेले.” यावर तो खोटं खोटं रागवायचा. यंदा किंमत ऐकून रीमा नुसती हसली होती आणि म्हणाली होती, “घ्या. निदान एकदाचे व्हिडिओ तरी बंद होतील.” तिला वाटलं याला कॅमेरा हवाय. धनेशनं तिला खरं कारण सांगितलं नव्हतं. त्याच्या खिशातल्या जुन्या फोनमध्ये बावीस मिनिटांची आई होती, आणि ती ऐकू येत नव्हती.

त्याची आई ठकुबाई धवलारीण होती. वज्रेश्वरी-अकलोलीच्या अंगाला कुणाच्याही घरात हळद असली की आधी तिला निरोप जायचा, मग भटजीला. धवला हे लग्नातलं गाणं, पण कुणी गाणं म्हटलं की ती फुरंगटायची. “गानं रेडिवो म्हनतो. धवला घालायचा असतो,” म्हणायची. तिचा धवला म्हणजे सगळी विचारपूस होती. ‘पयली हलद कोनाला ग, पयली हलद कोनाला?’ असं ती विचारणार, आणि मागं बसलेल्या बाईनं उचलायचं, ‘पयली हलद गावदेवीला.’ दुसरी तानसामाय नदीला, तिसरी डोंगराला, असं करत करत विहीर, उंबरठा, जातं, गेलेले आजे-पणजे अशा सगळ्यांना हळद लागली की मग कुठं नवरीची पाळी. विचारणारी एक आणि उचलणारी दुसरी. एकटीनं धवला घालायचा नाही. घातलाच तर देव म्हणतात, हिच्या घरात उचलायलासुद्धा माणूस नाही. ठकुबाई हे अशा आवाजात सांगायची की घरातलं मीठ संपलंय म्हणून सांगावं. लहानपणी धनेश तिच्या पदराला धरून हळदीच्या मांडवात बसायचा आणि बायांच्या बरोबरीनं उचलायचा. सात-आठ वर्षांचा असताना त्याला सगळी नावं क्रमानं पाठ होती, म्हाताऱ्या त्याच्या गालाला हळद फासायच्या. मग शाळेत कुणीतरी त्याला ‘धवलारीण’ म्हणून चिडवलं आणि तो पदर सुटला. पुढं नावंही सुटली. केव्हा सुटली ते त्याला कळलंसुद्धा नाही, आणि आता दुकानात स्टुलावर बसून त्यानं मनातल्या मनात म्हणून पाहिलं तर तिसऱ्या हळदीच्या पुढं सगळा अंधार होता.

बाप सावळाराम लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला लागला आणि घर नारपोलीत आलं. पहिल्या मजल्यावर एक खोली, वर माळा, आणि मागच्या भिंतीला लागूनच लूमची शेड. भिंत एक, अलीकडं देव्हारा, पलीकडं चोवीस लूम. खटाखट, खटाखट, दिवसपाळी आणि रातपाळी. पहिला आठवडा ठकुबाईला झोप आली नव्हती म्हणे. दुसऱ्या आठवड्यात आली, आणि महिन्याभरानं तो आवाज राहिलाच नाही. होता, पण ऐकू येणं थांबलं. ही नारपोलीकरांची खोड आहे. माणसं एकमेकांशी ओरडून बोलतात आणि आपण ओरडतोय हे त्यांना ठाऊक नसतं. बाहेर गेली की लोक म्हणतात, अरे हळू, बहिरे नाही आम्ही. उलट आठवड्याच्या सुट्टीला लूम बंद झाले की घरातली तान्ही पोरं दचकून उठायची, आणि ठकुबाई भाकरी थापता थापता थांबून म्हणायची, “आज कानात दडं बसल्यासारखं झालंय.” आवाज गेला तरच ऐकू येणारी ती जागा. धनेशचा जन्म तिथला, लग्न तिथलं, अजूनही तो तिथंच राहत होता. तेव्हा लूम चालू असताना आईला फोनात भरायची जी चूक त्याच्या हातून झाली, ती नारपोलीतल्या कुणाच्याही हातून झाली असती असं तो स्वतःला नेहमी सांगायचा. ती चूक त्याला सोयीची होती. तिच्याआड दुसरी एक गोष्ट नीट मावत होती.

“फाइल पाठवा की इकडे,” विपुल म्हणाला. “डेमो पीस आहे, काय होत नाही. तुमच्या समोर करून दाखवतो. पटलं तर घ्या.”

धनेशनं जुना फोन काढला आणि फाइल शोधू लागला. ती कुठं आहे हे त्याला डोळे मिटून सांगता आलं असतं, तरी त्याचं बोट उगाच वर-खाली फिरत राहिलं. येत्या गुरुवारी अकलोलीला क्षितिजाची हळद होती. क्षितिजा ही धनेशच्या बहिणीची, भावनाची मुलगी. तिनंच आपल्या फोनवर कसल्याशा फुकट ॲपमधून ती फाइल काढून बघितली होती, तर लूम कमी झाले पण आजी पाण्याखालून बोलल्यासारखी वाटायला लागली. मग तीच म्हणाली, “मामा, नवीन पॉवरफुल फोन आलेत ना, त्यांच्यात होतं म्हणतात.” आणि त्यावर भावना म्हणाली होती, “बघ की रं एवढं. पोरीच्या हलदीला आईचा धवला वाजू दे. बाकी मला काय बी नको.” भावना कधी काही मागणारी नव्हे. त्यामुळं धनेशला नाही म्हणता आलं नाही, आणि चोराच्या मनात चांदणं असतं तसं त्या दिवसापासून त्याला झोपेत लूम ऐकू यायला लागले.

ठकुबाईनं त्याला तीनदा सांगितलं होतं. पहिल्यांदा म्हणाली, “पोरा, ते तुझ्या फोनात भरून ठेव. क्षितिजाच्या हलदीला मी असेन, नसेन.” धनेश म्हणाला, “नवा फोन घेतला की करू आई, याचा माईक बरा नाही.” हे खोटं नव्हतं, माईक खरंच बरा नव्हता. पुढच्या वर्षी ती म्हणाली, “घेतलास का रं फोन?” तेव्हा नवा येऊ घातला होता, त्याची वाट बघणं चाललं होतं. तिसऱ्या वर्षी तिनं विचारलंच नाही. दिवाळीनंतरची दुपार होती, रीमा माहेरी गेलेली. आई धुतलेलं लुगडं नेसून, केस विंचरून त्याच्या समोर येऊन बसली आणि नुसती बघत राहिली. मग त्याला लाज वाटली. त्यानं मसाल्याच्या डब्याला टेकवून फोन उभा केला. “मी इचारीन, तू उचल,” ती म्हणाली. “नावं मी बारीक आवाजात सांगते आधी.” धनेश “हो” म्हणाला. चव्वेचाळीस वर्षांचा सुपरवायझर, बायकांच्या मागं बसून हळदीचा धवला उचलणार. त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. शेजारी ऐकतील असं त्याला वाटलं, आणि शेजारी लूम चालू होते हे तेव्हा त्याच्या ध्यानात आलं नाही. तेवढ्यात खालून लडकूनं हाक मारली. लडकू म्हणजे खालच्या खोलीतला, त्याच्याच वयाचा. “धनेश, ये खाली, आला बघ माझा.” त्याचा नवा फोन आला होता.

“तू चालू कर आई, मी आलोच,” धनेश म्हणाला, फोनवरचा तांबडा ठिपका दाबला आणि जिना उतरला. लडकूनं हाक मारली नसती तर त्यानं तहान लागल्याचं सांगितलं असतं, हे त्याला आज कळत होतं. तेव्हाही कळत होतंच. खाली त्यांनी दोघांनी खोकं उघडलं, प्लास्टिक सोललं. लडकूनं कोपऱ्यावर उभं राहून समोरच्या कारखान्यावरच्या पाण्याच्या टाकीवर कॅमेरा धरला आणि जवळ आणत आणत टाकीवर बसलेल्या कावळ्याच्या डोळ्यापर्यंत आणला. धनेशनं तो डोळा बघितला. एवढ्या लांबचं एवढं स्वच्छ बघून त्याला मनापासून कौतुक वाटलं. वर आला तेव्हा आई तशीच बसली होती, मांडीवर हात ठेवून. “झालं का आई?” “झालं.” “सगळं?” “सगलं.” त्यानं तांबडा ठिपका बंद केला. बावीस मिनिटं. ऐकून नाही पाहिलं. ऐकायचं काय, आता फोनात आलं, कधीही ऐकता येईल.

संध्याकाळी भावनाचा फोन आला. आईनं धवला भरून दिला म्हटल्यावर ती हरखली, आणि तिनं पहिलाच प्रश्न विचारला तो हा, “मंग उचलला कोनी?” “मी. आणखी कोण?” धनेश म्हणाला. हे तो का म्हणाला? गमतीत म्हणाला. म्हणजे सुरुवात गमतीत झाली. भावना म्हणाली, “खोटारड्या, आईला दे.” त्यानं फोन स्पीकरवर टाकला. आई ताटात तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. “उचलला की त्यानं,” ती म्हणाली. “बरा उचलला.” आणि एक खडा काढून बाजूला टाकला. भावना पलीकडं हसत होती, रडतही होती बहुतेक. धनेश आईकडं बघत राहिला, तिनं बघितलं तर आपण काहीतरी बोलू असं त्यानं ठरवलं होतं. तिनं बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी बोलू म्हणाला, मग दुसऱ्या दिवशी गोदामात माल आला. नऊ महिन्यांनी ठकुबाई गेली. तोवर त्या दोघांत तो विषय पुन्हा निघाला नाही, आणि न निघता निघता ती गोष्ट खरी होऊन बसली. आईनंच सही केली होती तिच्यावर.

बाराव्याला अकलोलीत भावनाच्या अंगणात त्यानं ती फाइल पहिल्यांदा लावली. बाया गोल करून बसल्या होत्या, क्षितिजानं स्पीकर आणला होता. तिथं इतकं शांत असतं की खालच्या गरम पाण्याच्या कुंडावर कुणी कपडा आपटला तर वर ऐकू येतो. त्या शांततेत स्पीकरमधून चोवीस लूम एकदम अंगणात आले. खटाखट, खटाखट. कोंबड्या पळाल्या. एक म्हातारी म्हणाली, “ही कंची गिरन रं?” धनेशनं जन्मात पहिल्यांदा आपल्या घराचा आवाज ऐकला. आणि त्याच्या तळाशी, विहिरीत पडलेली कळशी मधूनच वर दिसावी तशी आई. एखादा शब्द, एखाद्या शब्दाची कड, की पुन्हा खाली. मग भावनानं त्याचा हात धरला आणि म्हणाली, “लूमनं खाल्ला रं आपला धवला.” सगळ्यांना त्याची दया आली. एवढं करून वाया गेलं बिचाऱ्याचं. तेव्हापासून तोही तेच म्हणायला लागला. लूमनं खाल्ला. नारपोलीत राहिलेल्या माणसाच्या लक्षातच येत नाही हो, असं सांगितलं की लोक माना डोलवायचे. एक प्रश्न मात्र त्यानं स्वतःला कधी विचारला नाही. जी बाई एकटीनं धवला घालत नाही, ती बावीस मिनिटं कुणाला विचारत होती?

“गेली फाइल,” विपुल म्हणाला. त्यानं काउंटरखालून मोठे हेडफोन काढून फडक्यानं पुसले आणि धनेशच्या हातात दिले. “हे घाला, बारीकसारीक पण कळेल. मी ते बाईंचं चार्जरचं बघून आलो.”

धनेशनं हेडफोन कानांवर चढवले, आणि फोन उचलला. हातात जड होता, गार होता. दोन पट्ट्या होत्या. पहिल्यांदा लूम आले, पूर्ण जोरात, आणि त्याला बरं वाटलं, घरी आल्यासारखं. मग त्यानं दुसरी पट्टी हळूहळू खाली आणली. लूम एकेक करून लांब जायला लागले, शेडचं दार कुणी लोटून घ्यावं तसे, आणि मग राहिलेच नाहीत. आईनं घसा साफ केला. एवढ्या जवळ, की त्याची मान वळली. “पयली हलद कोनाला ग,” ती म्हणाली. आवाज कोवळा नव्हता, कापरा होता, पण तिचाच होता, सगळाच्या सगळा, ‘ग’ वर जरा थांबणारा. दोन वर्षांनी तो आवाज त्याच्या कानात आला आणि त्याच्या तोंडाला एकदम पाणी सुटलं, भूक लागल्यावर सुटतं तसं. याचं त्याला नवल वाटलं. “पयली हलद कोनाला?” आणि ती थांबली.

थांबली म्हणजे उचलणाऱ्यासाठी थांबली. एका श्वासाची जागा तिनं सोडली. आतापर्यंत त्या जागेत लूम होते, म्हणून तिथं जागा आहे हे कुणाला कळलंच नव्हतं. आता ती रिकामी होती. तिची बांगडी हलल्याचं ऐकू आलं, माणसाच्या हालचालीचे बारीक आवाज फोननं माणसाच्याच पट्टीत ठेवले होते. “पयली हलद कोनाला ग, पयली हलद कोनाला?” तिनं पुन्हा विचारलं आणि पुन्हा थांबली. विपुलच्या दुकानात, हेडफोन लावून, धनेशचे ओठ हलले. ‘गावदेवीला.’ त्याच्या ओठांतून आवाज निघाला नाही. तिसऱ्यांदा तिनं विचारलं, आणि मग खालच्या सुरात, दुसऱ्या बाईचा आवाज काढावा तसं, स्वतःच म्हणाली, “पयली हलद गावदेवीला.” दुसरी तिनंच विचारली, तिनंच तानसामायला लावली. तिसरी डोंगराला. चौथी उंबऱ्याला, पाचवी बावीला, म्हणजे विहिरीला, सहावी जात्याला. जिनं जन्मभर एकटीनं धवला घातला नाही ती आधी वरच्या आवाजात विचारत होती आणि मग खालच्या आवाजात स्वतःलाच उत्तर देत होती, आणि तो खालचा आवाज, धनेशच्या आता लक्षात आलं, बाईचा नव्हताच. ती त्याचा आवाज काढत होती. पोरगा उचलतोय असं फोनला वाटावं म्हणून.

आठव्या हळदीशी ती थांबली. पट्टीखालचे आकडे चार मिनिटं दाखवत होते. “धनेश,” ती म्हणाली. मोठ्यानं नाही. “हायस का रं?” मग काही नाही. बराच वेळ नुसता श्वास. फोनमध्ये अजून अठरा मिनिटं होती. धनेशनं ती पुढं ढकलली नाहीत. ढकलायला बोट उचलेना. सहाव्या मिनिटाला ती पुटपुटली, “ह्ये बंद कसं करायचं.” नवव्या मिनिटाला गुडघा मोडल्याचा आवाज आला, बहुतेक उठून दारापर्यंत गेली आणि परत आली. खालून हसण्याचा आवाज त्यात कुठं असेल तर तो बाकीच्या आवाजांत जमा होऊन शून्यावर गेला होता. चौदाव्या मिनिटाला ती म्हणाली, “जाऊ दे. कामात असंल.” आणि त्यानंतर ती बोलली नाही, हललीही नाही, आपल्या हलण्याचा आवाज यंत्रात भरला जाऊ नये म्हणून मांडीवर हात ठेवून बसून राहिली. मग जिन्यावर पावलं. मग एका माणसाचा स्वच्छ, खणखणीत, नुकतंच काहीतरी मजेचं बघून आलेला आवाज. “झालं का आई?”

“झालं.”

“सगळं?”

इथं एक क्षणभर काही नव्हतं. “सगलं,” ठकुबाई म्हणाली.

धनेशनं हेडफोन काढले. धामणकर नाका परत आला. लूमनं काही खाल्लं नव्हतं. लूमनं दोन वर्षं त्याची बाजू राखली होती, एवढंच. फोन मात्र खरंच पॉवरफुल होता. सांगितलं त्यापेक्षा कांकणभर जास्तच होता, आणि असा फोन आपण दहा वर्षांपूर्वी घेतला असता तरी त्या दुपारी आपण जिना उतरलोच असतो, हे धनेशला काउंटरसमोर बसल्या बसल्या कळून चुकलं. तोंड काचेत दिसत होतं, त्यानं ते दुसरीकडं वळवलं. तो रडला नाही. रडायला आलं असतं तर बरं झालं असतं.

“आला ना आवाज?” विपुल परत आला होता. “मी तिकडून बघत होतो, तुमचा चेहराच सांगत होता. कोण, मातोश्री का? बघा, म्हटलं नव्हतं? सेव्ह करून ठेवू? तुमच्या नव्या पीसमध्ये सरळ टाकून देतो. पुढचं-मागचं नको असेल तर कापून पण देतो.”

कापून. धनेशच्या मनात ते आलंच होतं. मागची अठरा मिनिटं कापायची, नुसती चार ठेवायची. आठ हळदी, स्वच्छ आवाजात, क्षितिजाच्या मांडवात. आख्खं अकलोली रडलं असतं. पण त्या चार मिनिटांतही उचलणारी तीच होती. आणि भावना तिच्या मागं बसून चाळीस वर्षं उचलत आलेली. तिला पहिल्या हळदीलाच कळलं असतं की हा खालचा आवाज कुणाचा. मग तिनं काही विचारलं नसतं. आईसारखीच खाली बघितली असती, आणि तेच धनेशला नको होतं. दुसरी वाट सरळ होती. तिला सांगायचं, मी नव्हतो गं तिथं. चार शब्द. तेवढे बोलले तर आईचा आवाज गुरुवारी मांडवात असणार होता, आणि न बोलले तर नसणार होता. एका पारड्यात आई आणि दुसऱ्यात आपली गेलेली अब्रू, तीही कुणाला न दिसलेली. शहाण्या माणसानं यात विचार करायला बसू नये. धनेश विचार करत बसला. विपुलनं तेवढ्या वेळात खोकं काढलं, सील न फोडता फिरवून दाखवलं, वरून पुसलं. मग धनेशच्या खिशातला जुना फोन वाजायला लागला. भावनाच होती. ती आता फोन करणार हे तिनं सकाळीच सांगितलं होतं.

“काय झालं रं? जमलं का?” तिच्या मागं अंगणात मांडवाचे बांबू उतरवत होते, त्यांचा आवाज येत होता.

“भावना,” तो म्हणाला.

“बोल की.”

काचेबाहेर केळीवाला गाडी ढकलत पुढं गेला. चार शब्द होते. ते जिभेपर्यंत आले, धनेशला त्यांची चवसुद्धा कळली, खारट. “न्हाय गं,” त्याच्या तोंडून निघालं. बहिणीशी बोलताना तो आपोआप गावच्या बोलीवर यायचा. “न्हाय जमत. हा फोन काय एवढा पॉवरफुल न्हाय. नुसतं नाव मोठं. लूम काढायला गेलं तर आईचा आवाजबी त्याच्याबरोबर जातो.”

विपुलनं खोकं हातात धरून वर बघितलं. मग त्यानं ते खोकं हळूच परत फळीवर ठेवलं. धनेशनं दुसऱ्या हातानं डेमो फोन त्याच्याकडं सरकवला आणि बोटानं खूण केली. पुसून टाक. विपुलनं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा फोनकडं, आणि पुसलं.

पलीकडं भावना बांबूंच्या आवाजापासून बाजूला गेली. मग ती म्हणाली, “असू दे. तू केलंस ना, बास झालं. उगा पैसं नको घालू त्याच्यात.” तिचा आवाज भरून आला होता आणि त्यातही ती त्याची समजूत घालत होती. “मी सांगीन पोरीला, तुझ्या आजीनं शेवटचा धवला घातला तवा मामा मागं बसून उचलत हुता. त्येच लय हाय आपल्याला. तू नसतास तर बिचारी एकटीच इचारीत बसली असती रं.”

“हो,” धनेश म्हणाला.